भिंतीवरचे अक्षर संगणकात उतरवताना

'अक्षर' म्हणजे जे क्षर नव्हे, नाशवंत नव्हे ते, असा अर्थ आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. माझ्या वडिलांचा व्यवसाय पाहता मला या अर्थाविषयी लहानपणापासूनच शंका वाटत आली आहे. माझे वडील पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरील सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील नावे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील योजना असे सर्व काही त्यांनी आमच्या पंचक्रोशीत लिहिले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घरात पुस्तक असे माझ्या शालेय पुस्तकांपलीकडे नव्हते. पण अक्षरे मात्र पत्र्यावर, फळीवर, रद्दीवर अशी सर्वत्र पसरलेली असत. पश्चिमेकडच्या भिंतीवरचे अक्षर चार उन्हाळे टिकते, सावलीतले आठ, आणि मालकाने चुना मारला की दोन्ही एका सकाळी जातात, हा त्यांचा अनुभव. तेव्हा अक्षर नाश पावत नाही हे मी परीक्षेत लिहिले, मानले मात्र कधी नाही.

माझा जन्म झाला त्या सुमारास तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणारे पहिले यंत्र आले, असे बाबा सांगतात. तेव्हापासून त्यांचे काम कमी होत गेले. आता ते हंगामात जिनिंगवर जातात आणि पाटीचे काम आले तर ब्रश हाती घेतात. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाचे उद्घाटन झाले, त्या वेळचा फलक काही वाचकांना आठवत असेल. बाहेरून छापून आणलेल्या त्या फलकावर 'वाड.मय' असे छापून आले होते. प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. मी भीत भीतच सांगितले, की माझे वडील लिहून देतील. घरी जाऊन चिठ्ठीवर शब्द लिहून दाखवला तेव्हा बाबा म्हणाले, "हे ड च्या बाजूले टिंब काऊन हाय? असं अक्षर तं म्या आजवर लिहलंच नाही." मग त्यांनी रद्दी कागदावर ते तीनदा काढून पाहिले आणि चौथ्यांदा पत्र्यावर लिहिले. ते लिहीत असताना माझ्या प्रथमच लक्षात आले, की त्यांचा उजवा हात कापतो आहे.

या दोन गोष्टींमुळे मी पुढील उद्योगास लागलो. बाबांचे अक्षर संगणकात उतरवावे, म्हणजे कळफलकावर बोट ठेवताच त्यांच्या वळणाचे अक्षर उमटावे, असे मला वाटले. काम पंधरा दिवसांचे असेल असा माझा अंदाज होता. त्याला आता दहा महिने होत आले. या काळात जे शिकलो ते मराठी वाङ्मय शिकणाऱ्या माझ्या मित्रांनाही उपयोगी पडेल, या समजुतीने हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण मी स्वतः तो न कळल्यामुळे दोन महिने वाया घालवले. अक्षराचे चित्र ही एक गोष्ट आणि अक्षराचा खिळा ही दुसरी. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात हा भेद फार चांगला दिसतो. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात लेखकू विशिष्ट शाईने मजकूर लिहितो, तो दगडावर उतरतो आणि दगडावरून त्याच्या प्रती निघतात. लेखकूचे वळण जसेच्या तसे कागदावर येते, पण त्याने जे लिहिले तेवढेच येते. पुढच्या पानासाठी त्याला पुन्हा लिहायला बसावे लागते. खिळ्यांचे तसे नाही. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याची (१८६९) कीर्ती ज्या सुबक खिळ्यांवर उभी राहिली, ते खिळे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने एकदा कोरले. मग त्या खिळ्यांतून वेदान्ताचा ग्रंथ निघो की जाहिरात निघो. कोरणाऱ्याने जे शब्द कधी पाहिले नाहीत तेही त्याच्या अक्षरात छापले जाणार. स्कॅनर हा आजचा शिळाछाप आहे आणि फॉन्ट हा आजचा खिळा. मी बाबांची पाटी स्कॅन करून 'झाले' असे म्हणत होतो, तेव्हा माझ्याजवळ फक्त दगड होता.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. सुरुवातीला मी बाबांच्या जुन्या पाट्यांचे मोबाइलने फोटो काढले. ते निरुपयोगी ठरले. फोटो थोडाही तिरपा असला की एका बाजूचे अक्षर लहान येते, आणि जवळून काढला तर भिंगामुळे सरळ शिरोरेषा धनुष्यासारखी वाकते. म्हणून बाबांकडून नव्याने लिहून घेणे भाग पडले. पांढऱ्या ड्रॉइंग कागदावर काळ्या पोस्टर रंगाने, चपट्या ब्रशने, दोन इंच उंचीची अक्षरे त्यांनी लिहिली. रोज सकाळी चहा होण्यापूर्वी आठ-दहा अक्षरे होत, कारण त्या वेळी हात स्थिर असतो. हे कागद मी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन इंचाला सहाशे ठिपके या मापाने स्कॅन केले. तीनशे ठिपक्यांनीही भागते, पण ब्रशचे टोक जेथे उचलले जाते तेथील बारीक धार सहाशेमध्ये अधिक नीट येते. नंतर संगणकावर करड्या छटा काढून चित्र निव्वळ काळे-पांढरे करावे लागते. येथे सीमारेषा कोठे धरायची हे आपण ठरवायचे असते. ती एका बाजूला सरकवली तर अक्षर लठ्ठ होते, दुसऱ्या बाजूला सरकवली तर रोडावते. म्हणून सर्व कागदांसाठी एकच सीमा धरावी. मी ती प्रत्येक कागदाला वेगळी धरली होती, आणि माझा 'क' व 'ख' एका घरातले वाटेनात.

स्कॅन केलेले चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. ते मोठे केले की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. फॉन्टमध्ये ठिपके नसतात, कड असते. अक्षराच्या कडेवर थोडे बिंदू ठेवायचे आणि दोन बिंदूंमधील वक्र गणिताने काढायचा, अशी ही योजना आहे. या वक्रांना ज्यांचे नाव आहे ते पियर बेझिए हे रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंता होते. १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचा बाक नेमका सांगता यावा म्हणून त्यांनी ही रीत वापरात आणली. मोटारीच्या पत्र्यासाठीचे गणित आज 'ळ' च्या पोटाला उपयोगी पडते, याची मला मोठी मौज वाटली. इंकस्केप या मोफत प्रणालीत चित्रावरून कड आपोआप काढून देणारी सोय आहे. ती मी वापरली. तिने बाबांच्या 'क' च्या कडेवर एकशे चाळीसहून अधिक बिंदू ठेवले, कारण कागदाचा खरखरीतपणा आणि रंगाचा ओघळ यांनाही तिने अक्षरच समजले. मग ते सर्व पुसून हाताने बिंदू ठेवायला बसलो. वळण जेथे सर्वांत उंच, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे वा उजवीकडे असते तेथे बिंदू ठेवावा, हा नियम पाळला की थोड्यांत काम होते. माझा 'क' शेवटी सव्वीस बिंदूंत बसला. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. पण याच कामात मला बाबांचे वळण प्रथम कळले. ते 'क' ची उजवी पाकळी खाली नेताना ब्रश किंचित फिरवतात, त्यामुळे ती शेवटी जाड होते. एकोणीस वर्षे ते अक्षर पाहत होतो, पण ही गोष्ट दिसली नव्हती.

यानंतर फॉन्टफोर्ज या दुसऱ्या मोफत प्रणालीत प्रत्येक अक्षर हजार भागांच्या चौकटीत बसवायचे. येथे शिरोरेषेने माझी परीक्षा पाहिली. रोमन अक्षरे सुटी उभी असतात. आपली अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रेषेला टांगलेली असतात. बाबा पाटी लिहिताना आधी खडूची दोरी ओढून वरची खूण करतात, सर्व अक्षरांची अंगे लिहितात आणि शेवटी एका दमात शब्दावरून रेघ ओढतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने शिरोरेषा अक्षराची नसून शब्दाची असते. फॉन्टमध्ये मात्र ती तुकड्यातुकड्यांनी प्रत्येक अक्षरासोबत द्यावी लागते. तुकड्यांची जाडी व उंची तंतोतंत एक पाहिजे. शिवाय प्रत्येक तुकडा अक्षराच्या हद्दीबाहेर थोडा गेला पाहिजे, नाही तर दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी पांढरी फट राहते. बाबांच्या हाताची शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर थोडी वेगळी होती. मी ती सर्व कापून टाकली आणि एकच मोजलेली रेघ सर्वांना दिली. छापलेला नमुना पाहून बाबा म्हणाले, "रेघ मेली." ते खरे आहे. पण यावर उपाय मला सापडलेला नाही, आणि अशी हजारो अक्षरे एका ओळीत बसवायची तर तो असेल असेही वाटत नाही.

मुळाक्षरे झाल्यावर चाचणीसाठी मजकूर हवा होता. मी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील सोळा तालुक्यांची नावे घेतली. देवनागरी टंकाच्या बहुतेक अडचणी या सोळा नावांत भेटतात असे मला आढळले. यवतमाळ हे नाव सरळ आहे, ते पहिल्याच दिवशी उमटले. नेर, वणी, पुसद, महागाव यांनीही फारसा त्रास दिला नाही. कळंब आणि घाटंजी यांत अनुस्वार आला. टिंब अक्षराच्या मध्यावर ठेवून चालत नाही. 'ळ' वर ते एका जागी शोभते, 'ट' वर दुसऱ्या. म्हणून प्रत्येक अक्षराला वर व खाली एकेक अदृश्य खुंटी ठोकून ठेवावी लागते, आणि टिंब, मात्रा, उकार त्या खुंट्यांना अडकतात. केळापूर व बाभूळगाव यांतील दीर्घ उकार 'प' आणि 'भ' यांच्या खाली याच रीतीने बसले.

दिग्रसने मला आठवडाभर अडवले. आपण 'दि' उच्चारताना व टंकलिखित करताना आधी 'द' आणि मग ऱ्हस्व वेलांटी देतो, पण लिहिताना वेलांटी आधी काढतो. संगणक मजकूर साठवताना उच्चाराचा क्रम ठेवतो आणि दाखवताना वेलांटीला उचलून पुढे आणतो. शिवाय वेलांटीची कमान अक्षराच्या दांडीपर्यंत पोचली पाहिजे. 'रि' ची कमान आखूड, 'कि' ची लांब, 'स्ति' ची त्याहून लांब. बाबा न मोजता ती हवी तेवढी ओढतात. मला चार मापांच्या चार वेलांट्या करून कोणत्या अक्षराला कोणती, याची यादी लिहावी लागली. त्याच शब्दात पुढे 'ग्र' आहे. संगणकाजवळ 'ग', हलन्ताचे चिन्ह आणि 'र' असे तीन घटक असतात. ते एकापुढे एक आले की त्यांच्याऐवजी 'ग्र' हे एक चित्र ठेव, अशी आज्ञा फॉन्टमध्ये लिहावी लागते. या आज्ञांच्या पद्धतीला ओपनटाइप म्हणतात. तिच्यातील नियमांची नावे पाहून मला आश्चर्य वाटले. 'क्ष' व 'ज्ञ' यांसारख्या जोडाक्षरांच्या नियमाला 'अखंड' हेच नाव आहे. हा शब्द आपल्या छापखान्यांतील खिळ्यांच्या परिभाषेत पूर्वीपासून आहे. 'नुक्ता' आणि 'रकार' ही नावेही तिथे आहेत. जगभरच्या संगणकांत आपले जुळारी असे शिरून बसले आहेत.

दारव्हा या नावातील 'व्ह' बाबांनी फार देखणा लिहिला आहे. अर्धा 'व' ते 'ह' च्या मानेत शिरवतात. हे कोठे शिकलात असे विचारले, तेव्हा त्यांनी दारव्हा मोतीबाग स्थानकाच्या पाटीचे नाव घेतले. शकुंतला या नावाने आपल्याला परिचित असलेली यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंदमापी गाडी आता बंद आहे. बाबा लहानपणी तिने जात आणि उतरल्यावर पाटीखाली उभे राहून बोटाने हवेत ती अक्षरे गिरवीत. कोण्या अज्ञात रेल्वे पेंटरचा 'व्ह' आज माझ्या टंकात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आर्णीचा रफार अजूनही नीट बसलेला नाही. त्याविषयी पुढे सांगतो.

या सोळा नावांत एक गमतीची गोष्ट आढळली. पाच नावांत 'ळ' आहे, पण 'ल' आणि 'श' ही दोन अक्षरे एकाही नावात नाहीत. त्यामुळे त्या दोघांकडे माझे उशिरा लक्ष गेले. संगणकावर वर्षानुवर्षे आपण हे दोन वर्ण हिंदी वळणाचे पाहत आलो आहोत. मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीच्या वर्णमालेविषयी शासन निर्णय काढला आणि २०२२ साली पुन्हा त्याबाबत निर्णय दिला, त्यांत या वळणांचा आग्रह आहे. बाबांनी असा कोणताही निर्णय वाचलेला नाही. त्यांचा 'ल' पाकळ्यांचाच आहे, कारण त्यांच्या गुरुजींनी पाटीवर तसा गिरवून घेतला. आता काही टंकांत मराठीसाठी वेगळी वळणे देण्याची सोय असते. 'तिरो देवनागरी' या टंकाची तर हिंदी, मराठी व संस्कृत अशी तीन स्वतंत्र रूपे आहेत.

परंतु माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दाचा आहे. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात हा शब्द जितक्या पाट्यांवर असतो तितका दुसरा कोणता असेल असे वाटत नाही. बियाण्यांचे दुकान असो, बँक असो वा पुढाऱ्याचा फलक असो. आणि हाच शब्द फ्लेक्सवर वारंवार 'शेतकर्यांसाठी' असा चुकीचा छापलेला दिसतो. 'ऱ्य' आणि 'र्य' हे मराठीत दोन वेगळे उच्चार आहेत. 'आचार्यांना जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलवा' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करून केलेल्या टंकात तो निसटतो. युनिकोडमध्ये 'ऱ' ला स्वतंत्र जागा आहे. त्याला हलन्त जोडून पुढे 'य' किंवा 'ह' दिला की आडवा चंद्रकोरीसारखा 'र' उमटला पाहिजे. एवढी आज्ञा टंक करणाऱ्याने लिहायची असते. बाबांनी आयुष्यभर हा शब्द शुद्ध लिहिला. त्यांना व्याकरण येत नाही, पण ते शब्द मोठ्याने म्हणून मग लिहितात. 'वाड.मय' चे मूळही असेच आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक टंकांत कोणत्या कळीवर कोणते अक्षर याचा मेळ नसे. 'ङ' सापडला नाही की 'ड' देऊन पुढे टिंब ठेवायचे, ही सवय तेव्हापासून पडली असावी.

येथपर्यंत बाबांनी लिहिले आणि मी उतरवले, असा क्रम होता. पुढे तो तुटला. टंकाला कित्येक शे चिन्हे लागतात आणि बाबांनी त्यांतली बरीचशी कधी लिहिलीच नव्हती. 'ञ', 'ॠ', 'ङ्क', 'ह्ल', 'द्भ' यांचे किराणा दुकानाच्या पाटीवर काम काय? काही अक्षरे त्यांनी विचार करून लिहून दिली. बाकीची मी त्यांच्याच अक्षरांचे भाग तोडून जोडली. म्हणजे 'द' चे पोट, 'भ' ची गाठ असे घेऊन 'द्भ' तयार केला. तो पाहून ते म्हणाले, "हे माहं अक्षर नोहे. माह्या हातून असं निघतच नाही." मी म्हटले, सर्व तुकडे तर तुमचेच आहेत. ते हसले फक्त.

ही अडचण माझ्या एकट्याची नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'जैनी' नावाचा टंक केला आहे. १५०३ साली लिहिलेल्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितातील वळणावरून गिरीश दळवी व मैथिली शिंगरे यांनी तो रचला. हस्तलिखितात एकच अक्षर शंभर ठिकाणी असेल तर शंभर प्रकारे येते. त्यातून एक निवडायचे, आणि आजच्या मराठीला लागणारे 'ॲ' सारखे जे चिन्ह त्या काळी नव्हतेच, ते त्या लेखकूच्या हाताने कसे निघाले असते याची कल्पना करायची. तेथे लेखकूला विचारता येत नाही. मला विचारता येते, एवढा फरक. कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा टंक मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हातांनी रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेऊन केला. त्यांनी पाट्या उतरवून न घेता त्यांतील वळणाचे तत्त्व घेतले, असे तो टंक पाहताना दिसते. आणि रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) यांच्यासारखे कवी व सुलेखनकार जेव्हा संगणकासाठी 'मंगल' हा टंक रचतात, तेव्हा त्यांना बोरूची मोकळीक बाजूला ठेवून तेव्हाच्या पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत मावेल असे अक्षर करावे लागते. 'मंगल' दिसायला रुक्ष आहे अशी तक्रार मीही केली होती. आता करणार नाही.

हात कापण्याविषयी लिहावे की नाही, असा विचार बरेच दिवस केला. बाबांनीच परवानगी दिली म्हणून लिहितो. सहाशे ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये कंप स्पष्ट दिसतो. 'ग' च्या दांडीची कड सरळ नसून पाण्यावरच्या तरंगासारखी आहे. मला प्रश्न पडला, की ही कड ठेवावी की काढावी? जुन्या पाट्यांवरच्या त्यांच्या दांड्या सुतात असतात. आमच्या गावातील एका किराणा दुकानावर १९९८ साली लिहिलेली त्यांची पाटी अजून शिल्लक आहे. मी तिच्यावर पारदर्शक कागद चिकटवून त्यातली एकोणीस अक्षरे पेन्सिलीने गिरवून आणली आणि नव्या अक्षरांशेजारी ठेवली. आज लिहिले तेच आजचे अक्षर, त्यात फेरफार करणे म्हणजे खोटेपणा, असे माझे मत होते. अभ्यासाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. बाबांनी दोन्ही कागद पाहिले आणि १९९८ च्या कागदावर बोट ठेवले. "पाटी दुकानदाराची असते. त्याच्या पाटीवर माहा आजार कायले?" मी सर्व दांड्या सरळ केल्या.

मग पैशाचा प्रश्न आला. काम चालू असल्याची वार्ता तालुक्याच्या गावी गेली आणि फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानदाराने तयार होताच तो टंक दोन हजार रुपयांना मागितला. दोन हजार एकदाच द्यायचे, मग कितीही फलक छापायचे. माझा कल टंक सर्वांना मोफत देण्याकडे होता. आज 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्याखाली अनेक चांगले देवनागरी टंक मोफत मिळतात, आणि मी स्वतः मोफत प्रणालींवरच हे सर्व शिकलो. बाबांना हे समजावून सांगताना माझी फार तारांबळ उडाली. ज्या यंत्राने त्यांचे काम नेले त्याच यंत्राला त्यांचा हातही द्यायचा, तोही फुकट, याला काय उत्तर देणार? गुजरातेत जन्मलेले हनीफ कुरेशी (१९८२-२०२४) यांनी देशभरातील पेंटरांकडून अक्षरे लिहून घेऊन त्यांचे टंक करण्याचा उपक्रम चालवला होता. त्या टंकांना पेंटरांची नावे दिली आणि विक्रीतला वाटा पेंटरला मिळावा असा हेतू ठेवला. हे मी बाबांना वाचून दाखवले. नाव देण्याची गोष्ट त्यांना विशेष वाटली नाही. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ते आपले नाव लिहीतच आले आहेत. ते म्हणाले, शाळांना फुकट दे. दुकानदाराला द्यायचा तर दर पाटीमागे काही ठरव, आणि त्याने छापण्यापूर्वी मजकूर आपल्याला दाखवावा. पैशांपेक्षा या दुसऱ्या अटीवर दुकानदार अडला आहे. शुद्धलेखन तपासून घ्यायला त्याला वेळ नाही, असे तो म्हणतो. बोलणी थांबलेली आहेत.

सध्या टंकात दोनशे चौदा चिन्हे झाली आहेत. आकडे बाबांनी अजून लिहून दिलेले नाहीत, आणि 'ष्ट्र' मला जमलेला नाही, त्यामुळे या टंकात तूर्त 'महाराष्ट्र' लिहिता येत नाही. या लेखाचे शीर्षक त्यात छापावे अशी माझी इच्छा होती आणि संपादक मंडळाने ती मान्यही केली होती. मी शीर्षकाचा व सोळा तालुक्यांच्या नावांचा नमुना छापून घरी नेला. बाबांनी चष्मा लावून तो ओसरीवर उन्हात धरला आणि सुताराची लाल पेन्सिल घेऊन 'आर्णी' वर गोल केला. रफार दीर्घ वेलांटीच्या कमानीला टेकतो आहे, तो दोन धागे उजवीकडे पाहिजे. तो सरकवला की 'र्की', 'र्ती', 'र्मी' अशी सगळी कुटुंबेच सरकवावी लागतात. अंक छपाईला जाण्यापूर्वी एवढे होणार नाही, म्हणून हे शीर्षक छापखान्याच्या नेहमीच्या टंकातच आहे.